शेजारचा स्विच गप्प झाला, तर?

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसांत दोन तट आहेत. एक कॉलेजं, हॉस्पिटलं, कारखाने, बँकांच्या शाखा इथला. पॅच कॉर्ड, भिंतीतले पॉइंट आणि ‘साहेब, नेट गेलं’ असे फोन यांत त्यांचा दिवस जातो. दुसरा तट डेटा सेंटरमधला. तिथे रॅकला कुलूप असतं, वायरींना लेबलं असतात आणि कोणी सहज म्हणून कशालाही हात लावत नाही. ‘लूप’ हा शब्द दोन्हीकडे तितकाच धास्तीचा. पण त्यावरचा उपाय विचारलात, तर जुंपलीच म्हणून समजा.

ते भांडण इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातलं आहे. दोघंही कल्पित. मामा सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क सांभाळतात, भाची ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला आहे. कॉलेजची नवी इमारत उभी राहतेय. तिचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि ताटं अजून उचललेली नाहीत.

भाची: मामा, प्रत्येक मजल्याच्या रॅकमधून दोन-दोन अपलिंक काढल्यायस, आणि सगळे व्हीलॅन दोन्हींवरून सोडलेयस. म्हणजे लूप तूच बांधतोयस की.

मामा: बांधतोय. आणि त्यातली एक वायर बंद ठेवायचं काम स्पॅनिंग ट्रीला देतोय. एखादी फायबर उंदरानं कुरतडली तरी मजला चालू राहायला पाहिजे. उंदीर आमच्याकडे भरपूर.

भाची: दोन वायरी हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण दुसरी बंद राहते ती कशाच्या भरवशावर, ते सांग.

मामा: सांगतो. आधी लूप झाल्यावर काय होतं ते तुला तरी माहितीय का? तुमच्याकडे होत नाही म्हणतेस ना.

भाची: तूच सांग, हॉस्टेलची गोष्ट सांगायचीच असेल तुला.

मामा: परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख. एका पोरानं खोली आवरायला काढली. जमिनीवर पॅच कॉर्ड लोळत होती, एक टोक छोट्या स्विचमध्ये, दुसरं मोकळं. त्याला वाटलं, निसटलीये. त्यानं उचलून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचली. हेतू चांगलाच. आणि पाचव्या सेकंदाला आख्खं हॉस्टेल बंद! मी जाऊन रॅकचं दार उघडलं तर सगळ्या पोर्टांचे दिवे एका तालात लखलखत होते. एरवी दिवे कसे, एक इथे लुकलुकतो, एक तिथे. सगळे एकदम नाचायला लागले की समजायचं. मग एकेक अपलिंक उपसत जायचं. जी काढल्यावर बाकीचे दिवे शांत होतात, ती धरून मजल्यावर जायचं आणि खोल्या शोधायच्या.

भाची: पोरगं सापडलं?

मामा: सापडलं. कॉम्प्युटर सायन्सचंच होतं.

वाचकांसाठी जरा थांबतो, कारण ही पाच सेकंदं समजली नाहीत तर पुढचं भांडण पोकळ वाटेल. एखादं मशीन नेटवर्कवर विचारतं, ‘अमुक आयपी पत्ता कोणाकडे आहे?’ प्रश्न सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून स्विच तो आल्या पोर्टाखेरीज बाकी सगळ्या पोर्टांवर सोडतो. आता दोन पोर्ट एकाच वायरीनं जोडलेले असतील, तर एकातून गेलेली प्रत दुसऱ्यातून परत येते. स्विचला ती आपलीच आहे हे ओळखता येत नाही. तो ती नवी समजून पुन्हा सगळीकडे सोडतो. उलट दिशेनंही तेच चालू असतं. इथरनेटच्या फ्रेमचं डोकं १४ बाइटचं: ६ घेणाऱ्याचा पत्ता, ६ पाठवणाऱ्याचा, २ आत काय आहे ते सांगायला. किती ठिकाणी फिरून आलो, हे लिहायला जागाच नाही. त्यामुळे फ्रेम दमत नाही, म्हातारी होत नाही, मरत नाही. एक गिगाबिटच्या वायरीवर सर्वांत छोट्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार मावतात. लूप झाली की ती वायर थोड्याच वेळात गच्च भरते, आणि जोडलेल्या प्रत्येक मशीनला त्यातली प्रत्येक ब्रॉडकास्ट उघडून बघावी लागते. वर आणखी एक घोळ. कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर आहे याची वही स्विच स्वतः लिहीत असतो. तेच मशीन कधी ३ नंबरवरून, कधी १७ वरून बोलताना दिसायला लागतं आणि वहीत खाडाखोड सुरू होते. मग सरळ पत्त्यावर पाठवलेली पाकिटंसुद्धा भलतीकडे जातात.

मामा: आता या वादळावर त्या बाईनं जे काढलं, त्याला तोड नाही. रेडिया पर्लमन. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होत्या, १९८५ च्या सुमाराला. साहेबानं सांगितलं, दोन इथरनेट जोडणारी एक पेटी पाहिजे. मशीनांच्या सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही आणि नेटवर्क कितीही वाढलं तरी पेटीला लागणारी मेमरी वाढता कामा नये. शुक्रवारी सांगितलं आणि साहेब सुट्टीवर गेला. बाईंना त्याच रात्री उत्तर सुचलं. सोमवार-मंगळवारात लिहून काढलं, आणि साहेब यायला वेळ होता म्हणून उरलेल्या आठवड्यात त्यावर कविता केली. ती कविताच शोधनिबंधाच्या सुरुवातीला, गोषवाऱ्याच्या जागी छापली. असली माणसं!

भाची: गोष्ट मलाही आवडते. आता उत्तर काय ते सांग.

मामा: प्रत्येक स्विच दर दोन सेकंदांनी शेजाऱ्याला एक छोटा निरोप पाठवतो, बीपीडीयू. त्यात इतकंच असतं: माझ्या माहितीप्रमाणे मूळ स्विच अमुक, त्याच्यापर्यंत माझं अंतर एवढं, आणि मी हा असा. सुरुवातीला प्रत्येक जण स्वतःलाच मूळ म्हणवतो. ज्याचा नंबर सर्वांत लहान, त्याच्यापुढे बाकीचे हळूहळू माघार घेतात. मग प्रत्येकानं मुळाकडे जाणारी एकच जवळची वाट चालू ठेवायची. जादा वाटेच्या एका टोकाला जो स्विच असेल त्यानं आपला पोर्ट बंद करून बसायचं. आख्ख्या नेटवर्कचा नकाशा कोणाकडेच नाही. प्रत्येकाला फक्त शेजारी माहीत. तरी शेवटी फेरा नसलेलं झाड तयार होतं, आणि सगळ्यांचं एकच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तरी असं जमतं का?

भाची: बिनविरोध निवडून कोण येतो ते पण सांग की. नंबराचा पहिला भाग प्रायोरिटी. बॉक्समधून काढलेल्या प्रत्येक स्विचची ३२७६८. सगळ्यांची सारखी, म्हणून निकाल लागतो मॅक पत्त्यावर. आणि एकाच कंपनीचे स्विच असतील तर लहान मॅक पत्ता बहुतेक वेळा सर्वांत जुन्या स्विचचा. तुझ्या कॉलेजात मूळ कुठे आहे?

मामा: आता कोअरलाच आहे. मी हातानं प्रायोरिटी ४०९६ केलीय.

भाची: आणि आधी?

मामा: आधी लायब्ररीत होतं. नियतकालिकांच्या कपाटामागे.

भाची: शंभर मेगाबिटचा?

मामा: शंभर मेगाबिटचा.

इथे मी मामांच्या बाजूनं काही बोलणार होतो, पण सोडून दिलं. मूळ स्विच ठरवणं हे दोन ओळींचं काम. ते न करता वर्षानुवर्षं चाललेली नेटवर्कं कितीतरी असतील, कारण चालत असतं तोवर ते कोणाला दिसत नाही. दोन इमारती शेजारी-शेजारी असून त्यांची गाठ पडते ती तिसऱ्या इमारतीतल्या कपाटामागे, आणि लोक म्हणतात नेट स्लो आहे.

भाची: बरं, मुद्द्यावर ये. बंद पोर्ट बंद का राहतो? समोरून दर दोन सेकंदांनी निरोप येतोय म्हणून. निरोप येत राहिला तर हा दबून बसतो. यायचा थांबला की जुन्या प्रोटोकॉलमध्ये २० सेकंद वाट बघतो, मग १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि पोर्ट उघडतो. ५० सेकंदांनी. मौनं संमतिलक्षणम्!

मामा: मग? शेजारी मेला तर उघडायला नको? त्यासाठीच तर दुसरी वायर टाकली.

भाची: शेजारी मेला, की तू बहिरा झालास? फायबरमध्ये दोन धागे असतात, जाणारा आणि येणारा. समज, तुझा येणारा धागा खराब झाला. शेजारी धडधाकट आहे, निरोप पाठवतोय, तुला पोचत नाही. तुझा जाणारा धागा मात्र चांगला. तू ठरवतोस शेजारी गेला, पोर्ट उघडतोस, आणि त्या जाणाऱ्या धाग्यावरून फेरा सुरू होतो. किंवा दुसरं घे. शेजाऱ्याचा सीपीयू कशानं तरी शंभर टक्क्यांवर गेलाय. निरोप लिहायला त्याला फुरसत नाही. पण फ्रेम इकडून तिकडे ढकलायचं काम सीपीयू करतच नाही, ते वेगळी चिप करते आणि ती मजेत चालू आहे. तू त्याला मेलेला समजून वाट उघडलीस की लूप. लुपेनं वादळ. वादळानं सीपीयू आणखी गुदमरतो, आणखी निरोप चुकतात, आणखी पोर्ट उघडतात.

मामा: हे होतं. बघितलंय मी.

भाची: रेल्वेचा जुना हाताचा सिग्नल आठव. तार तुटली की हात वजनानं आपोआप आडवा व्हायचा, गाडी थांबायची. बिघाड झाला तर धोका धरून चालायचं, असा तो हिशोब. तुझ्या झाडात तार तुटली की हात खाली पडतो आणि गाड्या सुटतात.

मामा: सिग्नल आडवा राहिला तर गाडीला उशीर होतो, एवढंच. माझ्या परीक्षा विभागाचा मजला बंद राहिला तर काय, याचा हिशोब तुझ्या सिग्नलमध्ये नाही. आणि तू म्हणतेस त्यावर उपाय आहेत. लूप गार्ड लाव. ज्या पोर्टवर निरोप येत होते तिथे ते थांबले, तर पोर्ट उघडायचा नाही, वेगळ्या अवस्थेत बाजूला ठेवायचा. एकतर्फी फायबर ओळखायला यूडीएलडी आहे.

भाची: म्हणजे मूळ प्रोटोकॉल म्हणतो मौन म्हणजे संमती, आणि वरून ठिगळ लावून तू म्हणतोस मौन म्हणजे नकार. आणि ते ठिगळ बॉक्समधून बंदच येतं. चालू करायला तुझ्यासारखा माणूस लागतो. तू पुढच्या वर्षी रिटायर होतोयस.

मामा थोडे गप्प झाले. त्याचा अर्थ भाचीनं काय घेतला, कोणास ठाऊक. तिनं लगेच बोस्टन काढलं.

बोस्टनचं प्रकरण नेटवर्कवाल्यांत प्रसिद्ध आहे, आणि ते सांगण्याजोगं राहिलं ते तिथल्या लोकांनी लपवलं नाही म्हणून. बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर. १९९६ मध्ये दोन हॉस्पिटलं एकत्र होऊन झालेलं. १३ नोव्हेंबर २००२ ला त्याचं नेटवर्क कोसळलं आणि पुरतं ठिकाणावर यायला सुमारे चार दिवस लागले. औषधांच्या ऑर्डरी, लॅबचे रिपोर्ट, सगळं कागदावर आलं. कागद इकडून तिकडे न्यायला माणसं धावत होती. तरुण डॉक्टरांनी तोवर हातानं ऑर्डर लिहिलेलीच नव्हती, त्यांना जुन्यांनी शिकवलं. जॉन हालाम्का हे तिथले माहिती तंत्रज्ञानाचे प्रमुख. पुढे त्यांनी हे सगळं जाहीरपणे सांगितलं, लिहिलं. सुरुवात एका संशोधकाच्या अवाढव्य डेटा वाहतुकीनं झाली, पण ती नुसती ठिणगी. खरं दुखणं आकाराचं होतं. स्पॅनिंग ट्रीचे वर सांगितलेले कालावधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त सात स्विच असतील असं गृहीत धरून ठरवलेले आहेत. तिथलं जाळं वर्षानुवर्षं जोडत जोडत त्यापलीकडे गेलं होतं.

भाची: चार दिवस, मामा. हॉस्पिटल.

मामा: चार दिवस. पण दोष कोणाचा? सातची मर्यादा कागदावर होती. नवा विभाग आला की शेवटच्या स्विचला आणखी एक स्विच जोडायचा, असं कोणी केलं? झाडानं नाही केलं.

भाची: पण चूक केलीस तर झाड तुला सांगत नाही. आठवा स्विच जोड, चालतो. नववा जोड, चालतो. सगळं छान, आणि एक दिवस सगळंच बंद. थोडं थोडं खराब झालं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. माझी तक्रार तीच आहे.

हा मुद्दा मला पटतो, आणि आख्ख्या वादात मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. लूप अडवणारी पद्धत नापास होते तेव्हा जे होतं, त्यात ती दुरुस्त करायला लागणारी वाटही बुडते. दूरच्या स्विचवर लॉगिन करून पोर्ट बंद करावा म्हटलं, तर लॉगिनची पाकिटंही त्याच पुरात. म्हणून मामांना जिने चढून वायरी उपसाव्या लागतात.

मामा: तुझा उपाय सांग आता. नुसती टीका नको.

भाची: मजल्यापर्यंत राउटिंग आण. दोन्ही अपलिंक आयपीच्या कर. ओएसपीएफ चालव. बघ, तिथेही हॅलो असतात, तिथेही शेजारी गप्प होतात. पण शेजाऱ्याचा हॅलो ४० सेकंद आला नाही, तर त्याच्याकडून जाणारी वाट मी यादीतून काढते. उघडत नाही, काढते. आणि सगळ्यांचा घोळ होऊन फेरा झालाच, तरी आयपीच्या पाकिटात टीटीएल आहे. प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो. कमाल आकडा २५५. शून्य झाला की पाकीट टाकून देतात. शिवाय दोन्ही वायरी एकाच वेळी वापरता येतात, एक बंद ठेवून पैसे वाया घालवायला नको. ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, म्हणजे हॉस्टेलचं वादळ हॉस्टेलमध्ये. बोस्टनवाल्यांनीही नंतर गाभा राउटिंगवरच नेला. आणि तुझ्या पर्लमनबाई! राउटिंगचं जे काम आयएस-आयएसमध्ये आहे, तेही त्यांचंच. त्यांनी किती वेळा सांगितलंय, इथरनेट असं इमारतभर, गावभर पसरायला नव्हतंच. लोकांनी त्यालाच आख्खं नेटवर्क समजून वरचा थर वगळला, म्हणून पेटी करावी लागली. स्पॅनिंग ट्री ही त्यांच्या लेखी वेळ मारून नेणं होतं.

मामा: वेळ मारून नेलेली वस्तू चाळीस वर्षं टिकली, याचा अर्थ वेळ अजून संपलेली नाही. त्यांनी स्वतः पर्याय दिला होता ना, ट्रिल? त्याच्या डोक्यात फेऱ्या मोजायला सहा बिट होते, म्हणजे तुझी तक्रार त्यांना माहीत होती. २०११ ला आरएफसी झालं. आयट्रिपलईचं दुसरं आलं, शॉर्टेस्ट पाथ ब्रिजिंग, २०१२ मध्ये. तुझ्या डेटा सेंटरमध्ये यातलं काय चालतं?

भाची: दोन्ही नाही. व्हीएक्सलॅन चालतं. खाली सगळं आयपी, त्यावर बीजीपी. जोडलेल्या मशीनांना मात्र वाटतं की आपण एकाच इथरनेटवर आहोत.

मामा: का वाटायला पाहिजे? राउटिंग एवढं गुणी, तर मशीनांना खोटं कशाला सांगता?

भाची: चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं तर त्याचा आयपी तोच राहायला लागतो.

मामा: म्हणजे पुन्हा सपाट जाळं! वर ठेवलंस एवढंच. आणि त्याच्या कडेला कोणी दोन पोर्ट डंब स्विचनं जोडले तर?

भाची: तर... मॅक पत्ता इकडून तिकडे उड्या मारताना दिसतो. १८० सेकंदांत पाच उड्या झाल्या की नियमाप्रमाणे तो दुबार धरायचा आणि त्याच्याबद्दल सांगणं थांबवायचं. ब्रॉडकास्टचं वादळ तेवढ्यानं थांबेलच असं नाही. कडेच्या पोर्टवर वेगळी राखण ठेवावी लागते.

मामा: कुठली राखण?

भाची: बीपीडीयू गार्ड. झाडाचा निरोप आला की पोर्ट बंद.

मामा: अस्सं!

भाची: हसू नको. माझा मुद्दा पसरण्याचा आहे. कडेला झाड असायला माझी हरकत नाही. पाच इमारतींत एकच झाड नको.

मामा: मग पसरलेलं का असतं तेही ऐक. आमचा एचओडी दुसऱ्या मजल्यावरून मोबाइलवरचं प्रेझेंटेशन तिसऱ्या मजल्याच्या प्रोजेक्टरवर टाकायला बघतो. सबनेट वेगळं केलं की प्रोजेक्टर यादीत दिसत नाही. प्रिंटरचं तेच. प्रत्येक मजल्याला वेगळी डीएचसीपीची रेंज, रिले. आणि मजल्यावरच्या स्विचला राउटिंगचं लायसन्स. ते टेंडरमध्ये घातलं की अकाउंट्सवाला विचारतो, मागच्या इमारतीत हे नव्हतं, तेव्हा नेट चालत नव्हतं का? त्याला मी बोस्टन सांगू?

भाची: सांग की.

मामा: तो म्हणेल, बोस्टनची ग्रँट वेगळी.

यावर दोघंही हसले. पुढची दहा मिनिटं वाद नव्हता, काम होतं, आणि ते झरझर झालं. मजल्याच्या आतला व्यवहार झाडावरच ठेवायचा, पण नवं झाड वापरायचं, २००१ चं रॅपिड. त्यात शेजाऱ्याशी बोलून वाट ठरते, त्यामुळे बहुतेक वेळा सेकंदाच्या आत काम होतं. प्रायोरिटी लिहून ठेवायची, स्विचवर आणि कागदावरही. वर्गातल्या, लॅबमधल्या प्रत्येक पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे वाट न बघता पोर्ट लगेच उघडायचा.

या पोर्टफास्टमागे एक जुनं दुखणं आहे. पोर्ट चालू झाल्यावर जुनं स्पॅनिंग ट्री ३० सेकंद ऐकण्या-शिकण्यात घालवतं. लॅबचे पीसी तेवढ्यात उठून डीएचसीपीकडे पत्ता मागतात, उत्तर येत नाही, आणि १६९.२५४ नं सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेऊन बसतात. याला कंटाळून अनेकांनी स्पॅनिंग ट्रीच बंद करून टाकलं. पीसी लगेच चालू झाले, सगळे खूश, पुढच्या पॅच कॉर्डपर्यंत.

भाची: हॉस्टेलच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड. पोरांनी आणलेल्या स्विचमध्ये लूप झाली तर आपलाच निरोप फिरून आपल्याच पोर्टवर येईल आणि पोर्ट बंद पडेल.

मामा: तो स्विच निरोप पुढे जाऊ देत असेल तर. काही स्वस्तातले स्विच बीपीडीयू गिळून टाकतात. मग आपल्याला काहीच ऐकू येत नाही आणि वादळ मात्र येतं.

भाची: बघ, पुन्हा मौन.

मामा: म्हणून स्टॉर्म कंट्रोलही लावायचं. ब्रॉडकास्ट ठरावीक टक्क्यांच्या वर गेली की पोर्ट बंद. याला निरोपाची गरज नाही, पूर बघायचा आणि दार लावायचं. आणि ऑफिसात आयपी फोन आहेत, त्यांच्या मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे, एक पीसीकडे. टेबल हलवलं की दोन्ही वायरी भिंतीत जातात. ते पण याच यादीत घाल.

भाची: बंद पडलेला पोर्ट आपोआप उघडायचा का? ३०० सेकंदांनी ठेवू?

मामा: अजिबात नाही. बंदच राहू दे. नेट गेलं की पोरगं आपल्या पायांनी माझ्याकडे येतं. मग मी त्याला विचारतो, काय जोडलंस.

भाची: आणि रात्री दोन वाजता?

मामा: सकाळी येतं. रात्री दोनला त्यानं झोपावं.

हे भाचीला पटलं नाही. तिच्या जगात जे आपोआप बरं होत नाही ते अर्धवट केलेलं काम. मामांना उलट, आपोआप बऱ्या होणाऱ्या गोष्टींचा संशय येतो, कारण बरी झाली की बिघडली होती हेच कोणाला कळत नाही. ते कलम नकाशावर प्रश्नचिन्ह घालून सोडलं.

भाची: मग मजल्यावरून वर दोन्ही अपलिंक आयपीच्या. ठरलं?

मामा: थांब. सीसीटीव्हीवाला म्हणतो, त्याला आख्ख्या इमारतीत एकच व्हीलॅन पाहिजे.

भाची: का पाहिजे, विचारलंस?

मामा: त्याचं सॉफ्टवेअर म्हणे कॅमेरे आपोआप शोधतं.

भाची: शोधायचे एकदाच ना? आयपी हातानं भरता येतात का विचार. किती कॅमेरे आहेत?

मामा: एकशे चाळीस.

भाची: दोन पोरं बसव, एका दुपारचं काम. एका व्हेंडरच्या आळसापायी सगळे मजले एका झाडावर टांगू नको.

मामा: उद्या लेखी विचारतो त्याला. पण सांगून ठेवतो, त्याचं उत्तर काही का येईना, दुसरी अपलिंक मी नकाशावरून खोडणार नाही.

भाची: खोडू नकोच. तिला आयपी दे.